मीटर दारात, मेसेज मालकाला

उमरग्यात किरायाने खोली बघायला गेलं की डिपॉझिटचा आकडा लगेच कळतो. लाईट बिलाचं विचारलं की उत्तर येतं, "सबमीटर हाय, युनिटवर बघू." या 'बघू'वर इथली कितीतरी घरं चालली आहेत. उपजिल्हा रुग्णालयातली सिस्टर, एसटी आगारातला कंडक्टर, बदली होऊन आलेला बँकेतला क्लार्क, मुरूम-गुंजोटीकडून आणि सीमेपलीकडच्या आळंद-बसवकल्याणहून कॉलेजसाठी आलेली पोरं. सोलापूर-हैदराबाद महामार्गावरचं गाव आहे हे. माणसं येतात, राहतात, पुढे जातात. त्यांनी जाळलेल्या विजेचं बिल मात्र कायम दुसऱ्याच्या नावावर येतं.

आता दारातलं मीटर स्मार्ट होतंय. माझं म्हणणं सरळ आहे. हे मीटर ज्याच्या नावावर आहे त्याला शहाणं करतं, आणि वीज वापरणाऱ्याला होता तिथेच ठेवतं. किरायादाराच्या नावावर कनेक्शन येत नाही तोवर या मीटरने त्याचं काहीही भलं होणार नाही.

जुलै 2021मध्ये केंद्राने सुधारित वितरण क्षेत्र योजना आणली आणि देशभर 25 कोटी स्मार्ट मीटरचं उद्दिष्ट ठेवलं. महावितरणने 2023मध्ये सव्वादोन कोटींच्या आसपास मीटरची कंत्राटं दिली. लातूर, नांदेड आणि छत्रपती संभाजीनगर परिमंडळांचं काम एनसीसी कंपनीकडे गेलं. धाराशिव जिल्हा लातूर परिमंडळात येतो, म्हणून उमरगाही त्यातच. एका मीटरचा खर्च काही वर्षांच्या देखभालीसकट सुमारे 12 हजार रुपये, आणि त्यात केंद्राचा वाटा जास्तीत जास्त 900 रुपये. मीटर फुकट बसवतो असं सांगितलं जातं. दारात कुणी पैसे मागत नाही, हे खरं. पण वीज कंपनीचा खर्च आज ना उद्या दरात उतरतो, आणि दर युनिटमागे लागतो. म्हणजे मीटरचे पैसे युनिट जाळणारा भरणार, किरायादार भरणार. ज्याच्या खिशातून मीटरची किंमत जाते त्याला मीटरवर काय चाललंय ते बघायचा हक्क नको?

या मीटरवरून राज्यात वाद झाला, मोर्चे निघाले. जून 2024मध्ये तेव्हाचे उपमुख्यमंत्री आणि ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सामान्य ग्राहकांना प्रीपेड स्मार्ट मीटर लावणार नाही असं जाहीर केलं. पुढे पोस्टपेड मीटर 'टीओडी मीटर', म्हणजे विजेच्या वापराची वेळही नोंदवणारं मीटर, या नावाने बसू लागली. प्रीपेड की पोस्टपेड, मीटर जोरात पळतं की बरोबर पळतं, कंत्राट कुणाला, यावर भरपूर बोलणं झालं. ते सगळं बोलणं ज्यांच्या नावावर बिल येतं त्यांचं होतं. ज्याच्या नावावर काहीच नाही, त्याचं काय होणार हे कुणी विचारलं नाही.

विचारायला पाहिजे होतं, कारण त्याचं नुकसान मोजता येतं.

घरगुती विजेचे दर टप्प्याटप्प्याने चढतात. 2024-25च्या दरपत्रकात वहन आकारासह पहिल्या 100 युनिटांना 5 रुपये 88 पैसे होते. 101 ते 300 युनिटांना 11 रुपये 46 पैसे, 301 ते 500ला 15 रुपये 72 पैसे. त्यानंतर दर बदलले, पुढेही बदलतील, पण ही चढण तशीच आहे. पहिल्या पायरीवरून दुसरीवर गेलं की दर जवळपास दुप्पट होतो. ही रचना चांगल्या हेतूने केलेली आहे. थोडी वीज वापरणाऱ्या गरिबाला स्वस्त, उधळणाऱ्याला महाग.

आता एका घरात चार खोल्या घ्या. चार कुटुंबं, प्रत्येकी 90 युनिट. एक पंखा, दोन दिवे, मिक्सर, टीव्ही, उन्हाळ्यात कूलर. ही चारही माणसं कायद्याच्या नजरेत थोडी वीज वापरणारी आहेत. चौघांची मीटरं वेगळी असती तर प्रत्येकाला 90 युनिटांचे 529 रुपये लागले असते. चौघांचे मिळून 2,117. पण मीटर एकच आहे, मालकाच्या नावावर. त्याच्यावर 360 युनिट पडतात. पहिल्या 100चे 588, पुढच्या 200चे 2,292, उरलेल्या 60चे 943. बेरीज 3,823 रुपये. वेगळ्या मीटरचा स्थिर आकार जास्तीचा लागला असता, महिन्याला मीटरमागे सव्वाशेच्या आसपास. तो वजा केला तरी दर महिन्याला तेराशे रुपयांच्या घरात रक्कम चार गरीब कुटुंबं फुकट भरतात. शिवाय वर वीज शुल्क. एकाही कुटुंबाने 100 युनिटांची रेघ ओलांडलेली नाही, तरी दंड चौघांना.

आणि त्यात मालकही त्याच मीटरवर खाली राहत असला, तर किरायादाराचं पहिलं युनिटच वरच्या पायरीवर चढतं.

म्हणून मालक "बारा रुपये युनिट" म्हणतो तेव्हा तो दर वेळी लुबाडत असतो असं मी म्हणणार नाही. बिलाची सरासरी काढली तर कधीकधी तेवढंच पडतं. किरायादाराला वाटतं हा नफा खातो, मालकाला वाटतं मी पदरचे घालतो, आणि दोघंही आपापल्या जागी खरं बोलत असतात. भांडण दोघांत होतं. चूक तिसरीकडे आहे: चार चुलींना एक मीटर देण्यात.

पण असेही मालक आहेत, जे बिल दाखवत नाहीत आणि दर मनाने ठरवतात. वीज कायदा 2003चं कलम 12 सांगतं की परवान्याशिवाय विजेचं वितरण किंवा व्यापार करता येत नाही. आलेलं बिल वाटून घेणं वेगळं आणि त्यावर कमाई करणं वेगळं. ब्रिटनमध्ये तिथल्या ऊर्जा नियामकाने, ऑफजेमने, घरमालकासाठी कमाल दराचा नियमच घातला आहे. स्वतः ज्या दराने वीज घेतली त्याहून जास्त दराने ती किरायादाराला विकायची नाही. आपल्याकडे इतका साधा, एका ओळीचा नियम प्रत्येक बिलाच्या पाठीवर छापायला काय हरकत आहे?

आता स्मार्ट मीटरने दिलेली नवी सवलत बघा. जुलै 2025पासून, स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकाला सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळेत वापरलेल्या विजेवर युनिटमागे 80 पैशांपासून पुढच्या काही वर्षांत टप्प्याटप्प्याने 1 रुपयापर्यंत सूट ठरली. दिवसा सौर वीज भरपूर असते, ती तेव्हाच वापरली जावी हा त्यामागचा विचार. विचार चांगला आहे. रात्रपाळी करून सकाळी घरी आलेली सिस्टर दहा वाजता कपडे धुते, इस्त्री करते, दुपारी कूलर लावून झोपते. या सवलतीसाठी याहून योग्य ग्राहक सापडणार नाही. तिला मात्र एक पैसाही मिळत नाही. कारण तिच्या खोलीबाहेर जे सबमीटर लावलेलं आहे ते बाजारातलं साधं मीटर. त्याला युनिट मोजता येतात, वेळ कळत नाही. सकाळी 10चं युनिट आणि रात्री 10चं युनिट त्याच्या चकतीवर सारखंच. सूट येते मुख्य मीटरच्या बिलात, म्हणजे मालकाच्या बिलात. वीज तिने दिवसा वापरली, सूट मालकाला मिळाली. मालकाने काही चोरलेलं नाही, त्याला कदाचित माहीतही नसेल. पण पैसे तिचे होते.

छतावरच्या सौर विजेचं तर बोलायलाच नको. फेब्रुवारी 2024मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॅट आणि त्यावरच्या संचाला 78 हजार रुपये अनुदान आहे, पण त्याला स्वतःचं छत लागतं. किरायादाराच्या डोक्यावर छत असतं, हक्काचं नसतं. विजेच्या प्रत्येक नव्या सवलतीची वाट मालकीहक्काच्या दारातून जाते, आणि ज्यांना सवलतीची सगळ्यात जास्त गरज आहे ते दाराबाहेर राहतात.

उमरग्यात हे जास्त टोचतं, त्याला कारण आहे. 30 सप्टेंबर 1993च्या भूकंपाने या पट्ट्यातल्या दगडमातीच्या भिंतीवरचा विश्वास मोडला. किल्लारी, सास्तूर इथून दूर नाहीत. जाड भिंतींचे, उन्हाळ्यात गार राहणारे वाडे गेले, सिमेंट आणि पत्रा आला. जिवाच्या भीतीने आला, त्याला कोण नाव ठेवणार? पण किरायाला मिळते ती बहुतेक वेळा वरच्या मजल्यावरची पत्र्याची खोली. एप्रिल-मे महिन्यात तिच्यात कूलरशिवाय लेकराला झोपवता येत नाही. हा कूलर चैनीचा नाही. पण दरपत्रकाला चैन आणि गरज कळत नाही, त्याला फक्त मीटरवरची बेरीज कळते, आणि बेरीज चौघांची असते.

इथवर झालं पैशाचं. याहून गंभीर गोष्ट पुढे आहे, आणि तिच्याबद्दल आपल्याकडे फारसं कुणी बोलत नाही.

काही ठिकाणी उलटं असतं. खोलीला किंवा फ्लॅटला स्वतंत्र मीटर असतं, पण नाव मालकाचं आणि नोंदवलेला मोबाईलही मालकाचा. बिल किरायादार भरतो. जुन्या मीटरमध्ये यात फारसं काही बिघडत नव्हतं, महिन्याला एक आकडा यायचा. स्मार्ट मीटर दिवसभराच्या वापराची नोंद ठेवतं, अर्ध्या अर्ध्या तासाची. कोणत्या वेळी किती वीज लागली हे ॲपवर बघता येणं, हाच तर त्याचा गुण म्हणून सांगितला जातो. तो गुण आता मालकाच्या हातात आहे.

अर्ध्या तासाच्या त्या नोंदीत काय दिसतं ते नीट समजून घ्या. सकाळी गिझर किंवा हीटर कधी लागला, म्हणजे घरातलं माणूस कधी उठलं. वापर कधी एकदम खाली आला, म्हणजे कुलूप लावून कधी गेलं. रात्री किती वाजता परत आलं. दिवाळीत किती दिवस घर बंद होतं. एकटीच राहणारी बाई, जिच्या येण्याजाण्याची वेळ आपण शेजारणीलाही सांगत नाही, तिची रोजची वेळ मालकाच्या मोबाईलवर तयार असते. बहुतेक मालक सभ्य असतात, ते असं काही बघणारही नाहीत. पण नियम सभ्य माणसासाठी करायचे नसतात. खोलीत एकट्याने राहणाऱ्या मुलीची सुरक्षितता मालकाच्या सभ्यतेवर सोडायची का, एवढाच प्रश्न आहे. माझं उत्तर नाही असं आहे.

ही भीती माझ्या डोक्यातून निघालेली नाही. नेदरलँड्समध्ये 2009 साली वरिष्ठ सभागृहाने स्मार्ट मीटर सक्तीचं करणारा कायदा अडवला, तो खासगीपणाच्याच मुद्द्यावर. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या नेपरव्हिल शहराच्या खटल्यात 2018 साली संघीय अपील न्यायालयाने म्हटलं की दर 15 मिनिटांची वीजनोंद गोळा करणं ही एक प्रकारे घराची झडतीच आहे. त्या शहराने केलेली झडती न्यायालयाने वाजवी ठरवली हे खरं, पण ती झडती आहे हे मान्य केलं. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 24 ऑगस्ट 2017 रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. तो हक्क सातबारा किंवा मालमत्ता पत्रक बघून दिलेला नाही. किरायाच्या खोलीत राहणाऱ्यालाही तो आहे.

म्हणजे एका प्रकारच्या किरायादाराला स्वतःच्या वापराचं काहीच दिसत नाही, आणि दुसऱ्या प्रकारच्या किरायादाराचं सगळं दुसऱ्याला दिसतं. दोन्हीला औषध एकच: जो राहतो त्याच्या नावाचं कनेक्शन, त्याचा मोबाईल नंबर.

आणि ही भीक नाही. वीज कायदा 2003चं कलम 43 वाचा. जागेच्या मालकाने किंवा भोगवटादाराने अर्ज केला की वितरण कंपनीने त्या जागेला वीज द्यायची, हे तिचं कर्तव्य आहे. मालक किंवा भोगवटादार, दोघंही एका ओळीत. भोगवटादार म्हणजे जो प्रत्यक्ष राहतो तो. कायदा करणाऱ्यांनी किरायादाराला पायरीवर उभं केलेलं नाही, घरात घेतलेलं आहे. बाहेर ठेवतं ते महावितरणच्या खिडकीवरचं उत्तर: "मालकाचं ना-हरकत आणा." महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 ज्या जागांना लागू आहे तिथे कलम 29 आणखी पुढे जातं. मालकाने योग्य कारणाशिवाय वीज, पाणी तोडायचं नाही हे तर आहेच. पण किरायादार स्वतःच्या खर्चाने अशी सोय मागत असेल तर मालकाच्या ना-हरकत पत्राचा आग्रह न धरता ती देता येईल, असंही त्यात लिहिलेलं आहे. कायद्याने सोडलेली अट खिडकीने धरून ठेवायची, हे बरोबर नाही.

किराया करार नोंदवलेला नाही, ही दुसरी अडचण. ती खरी आहे. उमरग्यासारख्या गावात किरायाचा व्यवहार तोंडी चालतो, फार तर शंभराच्या बाँडवर. पण त्याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55प्रमाणे करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी मालकाची आहे. नोंदवला नाही तर मालकाला दंड किंवा कैद होऊ शकते, आणि वाद झाला तर अटींबाबत किरायादाराचं म्हणणं, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. म्हणजे करार न करण्यात मालकाचाही तोटाच आहे. हे मालकांना कुणी समजावून सांगत नाही, आणि किरायादार खोली जाईल या भीतीने विषयच काढत नाही.

दिल्लीने हे करून दाखवलं. सप्टेंबर 2019मध्ये तिथे किरायादारांसाठी वीज मीटरची योजना आली. 200 युनिटांपर्यंत मोफत विजेचा फायदा मालकाच्या मीटरमुळे किरायादारांपर्यंत पोहोचत नव्हता, अगदी आपल्यासारखीच अडचण. मग किराया करार किंवा किरायाची पावती दाखवायची, 3,000 रुपये अनामत भरायची, आणि स्वतःच्या नावाचं प्रीपेड मीटर घ्यायचं, मालकाचं ना-हरकत न मागता. दिल्लीच्या तेव्हाच्या सरकारबद्दल कुणाचं काहीही मत असो, ही योजना नक्कल करण्यासारखी आहे आणि नक्कल करायला पैसे फार लागत नाहीत.

प्रीपेड म्हटलं की आपल्याकडे लोक बिचकतात. सक्तीच्या प्रीपेडला झालेला विरोध मला पटलेला होता, आजही पटतो. वीज कायद्याच्या कलम 56प्रमाणे थकबाकीसाठी वीज तोडायच्या आधी 15 दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, आणि रिचार्ज संपल्यावर अंधार करणाऱ्या यंत्रापुढे त्या नोटिशीला काय अर्थ उरतो? पण सक्ती वेगळी आणि निवड वेगळी. किरायादारासाठी प्रीपेड हा सोयीचा मार्ग असू शकतो. त्याच कायद्याच्या कलम 47प्रमाणे प्रीपेड मीटर घेणाऱ्याकडून सुरक्षा ठेव मागता येत नाही. वर्षभरासाठी आलेल्या माणसाला दोन महिन्यांच्या बिलाएवढी ठेव भरून ती परत मिळवायला चकरा मारण्यापेक्षा हे बरं. ज्याला हवं त्याने मागावं, ज्याला नको त्याने पोस्टपेड घ्यावं. घरात राहणाऱ्याने ठरवावं.

मालकाची भीतीही इथे सुटते, आणि ती भीती खोटी नाही. किरायादाराच्या नावावर कनेक्शन दिलं, तो बिल थकवून रातोरात निघून गेला, तर थकबाकी जागेला चिकटते. सर्वोच्च न्यायालयाने 19 मे 2023 रोजी केरळ वीज मंडळाच्या खटल्यात जागेच्या आधीच्या थकबाकीसाठी नव्या मालकाला जबाबदार धरणारे नियम उचलून धरले. महाराष्ट्राच्या वीजपुरवठा संहितेत ही जबाबदारी वारसदार सोडून इतरांसाठी जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या थकीत रकमेपुरती ठेवलेली आहे, पण सहा महिन्यांची रक्कमही लहान नसते. किरायादाराने प्रीपेड निवडलं तर थकबाकी उरतच नाही. पोस्टपेड निवडलं तर त्याची ठेव कंपनीकडे असते. मालकाने डिपॉझिट घेतलेलंच असतं. इतकं सगळं असताना "लाईट माझ्याच नावावर राहील" या हट्टाला आधार उरत नाही.

तोवर, कनेक्शन मालकाच्याच नावावर आहे आणि मीटर बदलायला माणसं दारात उभी आहेत, अशी वेळ किरायादारावर येणार आहे. मालक पुण्यात किंवा सोलापुरात असतो, दारात असतो किरायादार. त्याने तेव्हा जुन्या मीटरच्या शेवटच्या आकड्याचा फोटो घ्यावा. आकडा आणि मीटर नंबर दोन्ही एकाच फोटोत यावेत. नव्या मीटरचा नंबर आणि सुरुवातीचा आकडा याचाही फोटो घ्यावा आणि लगेच मालकाला पाठवावा. मीटर बदलल्याचा कागद मिळतो, त्याची प्रत मागावी. पुढे बिलात घोळ झाला तर भरपाई किरायादाराच्याच खिशातून होते, म्हणून पुरावा त्याच्याच मोबाईलमध्ये पाहिजे. मीटर जास्त पळतंय अशी शंका असेल तर 2024मध्ये सुधारलेल्या वीज ग्राहक हक्क नियमांप्रमाणे तक्रार आल्यापासून पाच दिवसांत शेजारी दुसरं तपासणी मीटर बसवून किमान तीन महिने दोन्हीची तुलना करायची जबाबदारी कंपनीवर आहे. स्मार्ट मीटर बसण्याआधीच्या काळासाठी, नव्या मीटरने दाखवलेल्या कमाल मागणीवरून दंड लावता येत नाही, हेही त्याच नियमांच्या 2023च्या दुरुस्तीत आलेलं आहे. हे नियम मागितल्याशिवाय कुणी देत नाही, म्हणून नाव घेऊन मागावेत.

मालकांनाही एक विनंती, मनापासून. बिल आलं की त्याचा फोटो किरायादारांच्या ग्रुपवर टाका. दिवसाच्या सवलतीची रक्कम बिलात वेगळी दिसते, ती सगळ्यांत वाटा. खोलीला स्वतंत्र मीटर असेल तर किरायादाराचा मोबाईल नंबर त्या कनेक्शनला जोडून द्या, आणि तो सोडून गेला की परत तुमचा लावा. घर तुमचंच राहतं. खोली सोडायच्या दिवशी शेवटच्या बिलावरून जी कुरबुर होते ती मिटायला स्मार्ट मीटर खरोखर उपयोगी आहे, कारण त्याचं वाचन रोज होतं. 11 तारखेला खोली सोडली तर 11 तारखेपर्यंतचाच हिशेब काढता येतो, महिनाभर थांबायचं कारण नाही. फक्त तो आकडा दोघांनाही दिसला पाहिजे.

महावितरणच्या लातूर परिमंडळाकडे मागणं मोठं नाही. उमरग्याच्या कार्यालयात भोगवटादाराच्या अर्जाचा नमुना मराठीत लावा, सोबत कोणते कागद लागतात ते लिहा, आणि किरायाची पावती त्या कागदांत धरा. एका घरात वेगळी चूल, वेगळी खोली असेल तर तिथे वेगळं मीटर द्या. ॲपमध्ये मालक आणि राहणारा असे दोन वेगळे खातेदार करा: मालकाला थकबाकी किती ते दिसू दे, तासातासाचा वापर फक्त राहणाऱ्याला दिसू दे. मीटर बदलायला माणूस दारात जातोच आहे. त्याच फेरीत त्याने एकच प्रश्न जास्तीचा विचारावा, "इथे राहतं कोण?", आणि उत्तर देणाऱ्याचा नंबर लिहून घ्यावा. अर्ज नाकारला तर नकार लेखी द्या, म्हणजे तो कागद घेऊन किरायादाराला लातूरच्या ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे आणि गरज पडली तर विद्युत लोकपालाकडे जाता येईल.